विहिरीचं कार्ड

"आमच्या शेतात एक विहीर आहे. विहिरीला खूप पाणी आहे. बाबा मोटर सुरू करतात. पाणी पाटाने गव्हात जाते."

पोरगी एका दमात म्हणून मोकळी झाली. हात मागे बांधलेले, मान ताठ, नजर समोरच्या भिंतीवर. विद्यापीठाचे सर तिच्यासमोर खुर्चीवर बसले होते. चित्राचं कार्ड त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते आणखी जवळ धरलं आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"बाळ, इथलं वाच. माझं बोट आहे तिथलं."

"आमच्या शेतात एक विहीर आहे," पोरगी म्हणाली.

सरांनी कार्ड स्वतःकडे फिरवलं आणि मोठ्याने वाचलं. "विहीर आटली आहे. तळाला एक बेडूक बसला आहे. तो पाण्याची वाट पाहतो." त्यांनी पोरीकडे पाहिलं. "हे लिहिलंय इथं. तू वाचलंस ते कुठं आहे?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी वर्गाच्या दारात उभी होते, हातात खिचडीची पळी.

मग दुसरं पोरगं आलं, मग तिसरं. एकूण नऊ पोरं होती. बैलाचं चित्र दिसलं की बैलाचं म्हणायची, कोंबडीचं दिसलं की कोंबडीचं. सगळ्यांचे हात मागे, सगळ्यांचा आवाज एकाच चालीचा. खाली काय लिहिलंय ते एकानेही पाहिलं नाही. माझी सून बाजूला वही घेऊन बसली होती, पेन्सिल कागदाला टेकवून. पहिल्या पोरीनंतर ती पेन्सिल हलली नाही.

सरांनी जुनी कार्डं मागितली. सुनेने डबा उघडून ती समोर ठेवली. चित्रं तीच, खाली मजकूर वेगळा. पोरं म्हणत होती तो. प्रत्येक कार्डाचा कोपरा पिवळा झाला होता.

"हे डाग कसले, मॅडम?"

"हळदीचे," सून म्हणाली आणि तिने वर पाहिलं. सरळ माझ्याकडे.

"पोरांकडून हे पाठ कोणी करून घेतलं?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. माझी जीभ काही लुळी नाही, गावात कोणालाही विचारा. पण मी बोलले नाही.

"माझ्याकडून झालं, सर," सून म्हणाली.

त्या शाळेत मी पोषण आहार शिजवते. शेलूबाजारच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावाच्या टोकाला शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या, मागे पत्र्याचं किचन शेड. हेडमास्तर एका खोलीत बसतात, दुसऱ्या खोलीत माझी सून शिकवते. माझा मुलगा जीप चालवतो. त्याचा या गोष्टीशी एवढाच संबंध की त्याने बायकोला दर रविवारी वाशिमला नेऊन सोडलं.

नोकरीची पहिली वर्षं सुनेने याच शाळेत काढली. तेव्हा ती माझी सून नव्हती, आमच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहणारी मास्तरीण होती. मग लग्न झालं, मग बदल्या झाल्या, अनसिंगकडे काही वर्षं, शिरपूरकडे काही वर्षं, आणि शेवटी ती परत इथेच आली. वीस वर्षं शिकवून झाली होती. आता पेन्शनपर्यंत निवांत बसावं, असं मी समजत होते. मग तो अंगठ्याचा प्रकार झाला.

तांड्यावरची एक बाई पोरीला पहिलीत घालायला आली होती. सुनेने फॉर्म भरला आणि सहीसाठी पेन पुढे केलं. बाईने पेन घेतलं नाही. तिने टेबलावरची शाईची डबी ओढली, अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला. वर हसून म्हणाली, "मॅडम, ओळखलं नाई का मले? तुमच्याच वर्गात होतो मी. तुमीच पास केलतं चौथीत."

मी तेव्हा तांदूळ निवडत होते. मलाही हसू आलं. सुनेला आलं नाही. तिने कपाटावरची जुनी रजिस्टरं खाली काढली, धूळ झटकली आणि त्या बाईचं नाव शोधलं. नावापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, वाचन चांगले. ते रजिस्टर कितीतरी दिवस तिच्या टेबलावर उघडं पडलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी तिने तो अभ्यास घेतला. मुलांना वाचायला लिहायला कसं शिकवायचं याचाच दोन वर्षांचा अभ्यास, वरच्या पदवीचा, आणि तोही दहा वर्षांच्या वर नोकरी झालेल्या शिक्षकांसाठीच. रविवारी वाशिमला तास, उन्हाळ्यात सलग वर्ग, आणि शेवटी स्वतःच्या शाळेत एक प्रयोग करून त्याचा प्रबंध लिहायचा.

हेडमास्तरांना तर विषयच मिळाला. "मॅडम, डोकशाचे केस पांढरे झाले अन् तुमी हॉलतिकीट घेऊन फिरून राह्यल्या! आता आमाले शिकवता का काय?"

"तुमाले शिकवाले दोन वर्षं नाई पुरत, सर," सून म्हणाली.

मीही काही कमी बोलले नाही. घरात पुस्तकांचे गठ्ठे आले, रविवारच्या भाकरी माझ्या गळ्यात पडल्या. मी म्हटलं, "पोट्ट्यायले शिकवाचा पगार घेते अन् सोता शिकाले जाते. मंग वीस वर्षं काय करत होती वं?"

ती भाजी चिरत होती. हात थांबवून म्हणाली, "थेच शिकून राह्यली, आई. वीस वर्षं काय केलं थेच."

मला ते उत्तर अंगावर आल्यासारखं वाटलं. आज वाटतं, तिने खरं तेच सांगितलं होतं.

प्रयोगासाठी तिने चौथीतली नऊ पोरं घेतली. चौथीत येऊनही ज्यांना वाचता येत नव्हतं अशी. रजिस्टरात सगळ्यांना येत होतं. तिने कार्डं तयार केली. वर हाताने काढलेलं चित्र, खाली तीनचार ओळी. विहीर, बैल, कोंबडी, बाजार, चिंचेचं झाड. पावसाळ्यात तिने एकेकाला बोलावून ती वाचायला दिली. पोरगं वाचायला लागलं की मोबाईलवर आवाज घ्यायची आणि हातातल्या कागदावर खुणा करायची. बरोबर वाचलं तिथे काही नाही. चुकलं तिथे रेघ, अडलं तिथे टिंब, परत मागे जाऊन वाचलं तिथे बाण. कागद नुसता रेघाटिंबांनी भरून जायचा. मला हे उफराटं वाटलं. सगळ्या जगात मास्तर बरोबरला खूण करतो.

त्या नवांत अंगठेवाल्या बाईची पोरगी होती. सुनेचा सगळा जीव तिच्यात. घरी बंजारा बोली, शाळेत पुस्तकी मराठी, आणि त्यात दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला जायचे ते गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायचे. पोरगी त्यांच्याबरोबर. म्हणजे वर्षाचे निम्मे दिवस उसाच्या फडात. सून म्हणायची, ही पोरगी वाचायला लागली तर मला कळेल की माझ्याने होतं. नाही लागली तर बाकीची वर्षं मी नुसतं रजिस्टर भरावं.

आणि पोरगी वाचायला लागली. फार हळू. पहिल्या अक्षराखाली बोट ठेवायची, ओठ हलवायची, पुढच्या अक्षरावर जायची, थांबायची, मागे यायची. एकदा शेडमध्ये ताट घ्यायला आली ती तिथेच उभी राहिली. माझ्या डब्यांच्या फळीवर एक पाकीट होतं. पोरीने त्यावर बोट ठेवलं. ह. मग थांबली. ळ. मग परत पहिल्यापासून. मागे पोरं ताटं वाजवत होती.

"हळद!" पोरगी म्हणाली.

"एवढ्याले एवढा टाइम?" मी म्हटलं. "चाल सरक, तुह्या मागं लाइन हाये."

ती पळत वर्गात गेली सुनेला सांगायला. सुनेने त्या दिवशी खिचडी खाल्ली नाही, पोरांमध्ये बसून त्या पोरीची गोष्ट वहीत लिहीत बसली. मला राग आला. गरम अन्न तसंच निवत पडलं होतं.

दिवाळीनंतर तांडा निघायच्या आधी सून त्या बाईकडे गेली. मीही गेले, कारण मला तिथून सरपण आणायचं होतं. बाई सामान बांधत होती. सुनेने सांगितलं, पोरीला यंदा नेऊ नको, आजीजवळ ठेव. बाईला ते पटेना. पोरगी फडावर धाकट्या लेकराला सांभाळायची, भाकरी भाजायची. ती नसली तर या सगळ्याला कोण? बाई खाली बसली, पुन्हा उठली, गाठोडं आवळलं.

"मॅडम, तुमी मलेबी असंच सांगतलं होतं. शाळेत बस म्हनून. बसलो न मी." तिने अंगठा वर केला. "हे पाहा."

सुनेने खाली मान घातली नाही. "म्हनूनच आली मी. तुह्या वेळेस मले येत नव्हतं शिकवनं. आता शिकून राह्यली."

बाईने गाठोडं खाली ठेवलं. "वाचंल न मंग थे? खरं सांगा."

"वाचंल. तू येशीन तवा तुले वाचून दाखवंल."

"मंग ठेवतो."

पोरगी आजीजवळ राहिली. गाडी निघाली तेव्हा "याडी, याडी" करत रस्त्यापर्यंत धावली. याडी म्हणजे त्यांच्यात आई. दुसऱ्या दिवशी शाळेत आली. एकही दिवस चुकवला नाही.

आता माझं सांगते.

आमच्या शाळेत साहेब येणार असले की काय करायचं हे ठरलेलं होतं. मी आले तेव्हापासून ठरलेलं आणि त्याच्या आधीही. आदल्या आठवड्यात हेडमास्तर पोरांना ओळीने उभं करायचे. कोण कोणता धडा वाचणार, कोण पाढे म्हणणार, कोणाला मागच्या रांगेत बसवायचं, कोणाला त्या दिवशी घरीच ठेवायचं. साहेब पुस्तक उघडायचे ते बरोबर त्याच पानावर, कारण ते पान दाबून दाबून उघडं पडायचं. पोरगं घडाघडा म्हणायचं. साहेब चहा घ्यायचे आणि जायचे. यात मीही होते. खिचडी निवेपर्यंत पोरं माझ्यासमोर बसलेली असायची, तेव्हा मी त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची. माझा आवाज खणखणीत. हेडमास्तर म्हणायचे, अर्धी शाळा तर आजीच चालवते.

यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही. मी स्वतः अशीच चौथी पास झाले. शाळा तपासायला डिप्टी यायचा होता म्हणून मास्तरांनी आमच्याकडून एक पान घोकून घेतलं होतं. डिप्टीने पान उघडलं, मी म्हटलं, पास. वाचता मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. लग्न होऊन आले तेव्हा किराणा पेपरात बांधून यायचा. ते कागद मी चुलीत घालायच्या आधी पाहायची. एका ओळीला एक दुपार लागायची. बोट ठेवून, ओठ हलवून. आज पेपर वाचते, हे लिहिते आहे, ते त्या कागदांमुळे. मास्तरांनी घोकवलेल्या पानातलं एक अक्षरही आता आठवत नाही. हे सगळं मला माहीत होतं. मी स्वतः अनुभवलेलं होतं. तरी मी केलं ते केलं.

फेब्रुवारीत सून म्हणाली की तिचे मार्गदर्शक सर शाळेत येणार, त्यांच्यासमोर नऊ पोरांची शेवटची तपासणी होणार, आणि त्यावर प्रबंध उभा राहणार. मला त्यातलं एवढंच कळलं की साहेब येणार. आणि तिच्या वहीत काय आहे ते मी पाहिलं होतं. पानोपान चुका. त्या पोरीचं पान तर सगळ्यात भरलेलं. मी मनात म्हटलं, ही बाई दोन वर्षं राबली, आणि साहेबांपुढे पोट्टे असे अडखळले तर हिचं नाक कापलं जाईल. हिला हे कळत कसं नाही?

कार्डं शेडमध्येच होती. शाळेच्या कपाटाला वाळवी लागली म्हणून पावसाळ्यातच सुनेने ती डब्यात घालून माझ्या फळीवर ठेवली होती. मी डबा उघडला.

पंधरा दिवस मी रोज म्हणवून घेतलं. सून तेव्हा वर्गात पोरांच्या वह्या तपासत बसलेली असायची. मी चित्र वर धरायची. "हे काय?"

"विहीर!"

"मंग बोला."

"आमच्या शेतात एक विहीर आहे..."

आठ पोरांना तीन दिवसांत आलं. त्यांना याची सवयच होती. त्या पोरीला मात्र जमेना. मी चित्र वर धरलं की ती जवळ यायची आणि खालच्या ओळीवर बोट ठेवायची. आ. म. च्या. बाकीचे शेवटपर्यंत पोचायचे तरी ही शेतातच.

"बोट काढ," मी म्हटलं.

"आजी, मी वाचून राह्यली."

"तुह्यं वाचनं ऐकाले साहेबाले टाइम नाई. चित्र पाय अन् बोल."

तिने परत बोट ठेवलं. मी पळीच्या दांड्याने त्या बोटावर मारलं. फार जोरात नाही. पण मारलं. दोनतीन दिवस असं झालं. मग ती हात मागे बांधायला लागली. आठवड्याने ती सगळ्यांत पुढे होती. घडाघडा, कुठेही न थांबता. हेडमास्तर एकदा दारातून ऐकून गेले. "वा आजी! मॅडमचे पोट्टे पास झाले म्हनून समजा." मी खूश झाले. पोरांना त्या दिवशी मी खिचडीवर तेल जरा सढळ हाताने सोडलं.

पोरगी सुनेसमोर तेव्हाही वाचायची का, हे मला ठाऊक नाही. नंतर सुनेने सांगितलं की शेवटच्या आठवड्यात पोरगी तिच्यापुढे गप्प गप्प असायची. बोट ठेवायची नाही. आईची आठवण येत असेल असं सुनेला वाटलं. तिने पोरीला जवळ घेतलं, वाचायचा आग्रह केला नाही.

शेवटच्या तपासणीसाठी कार्डांचा दुसरा संच सुनेने बंद पाकिटात ठेवला होता. चित्रं तीच आणि मजकूर नवा. दोन्ही वेळेस पोराला चित्राचा आधार सारखाच मिळावा म्हणून तसं करतात, हे मला मागाहून कळलं. साहेब आले की काय विचारतात ते आधी ठाऊक असतं, या हिशेबावर मी अख्खं आयुष्य काढलं होतं. हे सर तसले साहेब नव्हते.

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. शेवटी त्यांनी विहिरीचं कार्ड म्हणणाऱ्या त्या तांड्याच्या पोरीला परत बोलावलं आणि एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात एक ओळ लिहून दिली. चित्र नाही, काही नाही. "घाई नाही," ते म्हणाले, "बोट ठेवून वाच हवं तर." पोरगी कागदाकडे पाहत राहिली. हात मागेच. मी दारातून पाहत होते. तिचा उजवा हात सुटला, थोडा पुढे आला आणि परत मागे गेला. तिच्या डोळ्यात पाणी आलं. सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

"मॅडम, या निकालावर मला काही लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही मागे पाठवलेल्या नोंदी चांगल्या होत्या. पण आता त्याही कोणी मानणार नाही." पुढच्या वर्षी नव्याने नाव घालून, नवीन पोरं घेऊन सगळं पहिल्यापासून करता येईल, असंही त्यांनी सांगितलं. सून "हो सर" म्हणाली. मग त्यांना जेवायला वाढलं. माझीच खिचडी. त्यांनी चांगली झाली म्हटलं.

सून चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी वाट पाहत होते, भांडेल, शिव्या देईल. मला भांडण परवडलं असतं. पाचव्या दिवशी रविवार होता. वाशिमला जायचं नव्हतं. ती अंगणात बसून मोबाईल कानाला लावून काहीतरी ऐकत होती. मी जवळून जाताना तिने तो माझ्यासमोर धरला. त्यात त्या पोरीचा आवाज होता, संक्रांतीच्या आधीचा. चिं. मग बराच वेळ काही नाही, नुसता श्वास. च. चिंचे. चिंचेचं. मग परत शांत. मागे कुठेतरी माझी ताटं वाजत होती.

"आइकलं?" ती म्हणाली.

"आइकलं. किती अडखळून राह्यली."

"आई, थे अडखळनं म्हंजेच वाचनं होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं तू?"

"दोन वर्षं घरात बसून थेच लिहून राह्यली होती मी. तुमी कधी इचारलं का?"

मी म्हटलं, "तू त्या सरायले काहून नाई सांगतलं, माह्या सासूनं केलं म्हनून?"

"सांगून काय झालं असतं? पोट्टे माहेच होते ना. शाळाबी माहीच. तुमाले हे कोनं शिकवलं? आमीच शिकवलं." तिने मोबाईल बंद केला. "तुमच्या आवाजानं पाठ केलेले पोट्टे मी इथं इतकी वर्षं पास केले. तवा मी कधी बोलली का तुमाले?"

मी माफी मागितली नाही. आमच्यात सासू सुनेची माफी मागत नाही. ही काही चांगली गोष्ट म्हणून सांगत नाही.

पाडव्यानंतर तांडा परत आला. ती बाई दुसऱ्याच दिवशी पोरीचा हात धरून शाळेत आली. उन्हाने काळी ठिक्कर पडलेली, हाताला चिरा. वर्गात आली, खाली बसली आणि पोरीला म्हणाली, "वाच आता."

कार्डं टेबलावर पडली होती. पोरीने विहिरीचं चित्र पाहिलं, हात मागे बांधले आणि सुरू झाली. आमच्या शेतात एक विहीर आहे. विहिरीला खूप पाणी आहे. न थांबता, न अडखळता, शेवटपर्यंत. बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी माझ्या आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नाही. ती पदराने तोंड झाकून हसायला लागली. "माय वं! गाडीसारखी पयते की!" तिने सुनेचे पाय धरायला हात पुढे केले.

सुनेने तिचे हात धरले. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मला वाटलं, गप्प राहील. मी मनातून तेच म्हणत होते, गप्प राह्य, बाई.

"नाई वाचत थे," सून म्हणाली. "पाठ हाये तिले. थोडं येत होतं, आता थेबी नाई."

बाईला कळलं नाही. तिने कार्ड उचललं, आडवं उभं पाहिलं, पोरीच्या हातात दिलं. पोरीने परत तेच म्हटलं. सुनेने फळ्यावर एक शब्द लिहिला. हळद. पोरगी फळ्याकडे पाहत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी वर्गाच्या दारात होते. मी मान खाली घातली.

"मंग मी कायले ठेवलं वं हिले?" बाई म्हणाली. मोठ्याने नाही. "सा महिने धाकटं लेकरू फडात एकटं बसलं. कायले?"

सुनेने सांगितलं की ती परत शिकवेल, उन्हाळ्यात घरी येऊन शिकवेल. बाई उठली. "तुमी चांगल्या हा, मॅडम. पन आमचं नाई जमत." पोरीचा हात धरला आणि गेली.

सून उन्हाळ्यात चार वेळा तांड्यावर गेली. पोरगी तिला पाहून घरात जायची. पाचव्यांदा सून गेली नाही. जूनमध्ये पाचवीसाठी पोरीचं नाव दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं. हजेरीपटावर होतं, पोरगी नव्हती. दिवाळीनंतर गाडी निघाली तेव्हा ती गाडीत मागे बसलेली होती, धाकट्याला मांडीवर घेऊन. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. तिने मला पाहिलं. हात हलवला नाही.

सुनेने अभ्यासाला परत नाव घातलं नाही. पुस्तकं पेटीत गेली. यंदा साहेब आले तेव्हा हेडमास्तरांनी पोरं ओळीने उभी केली आणि तिने त्यांना नेमून दिलेलं पान उघडून दिलं. रजिस्टरात सगळ्यांच्या नावापुढे वाचन चांगले आहे. सून आता रेघ, टिंब, बाण काढत नाही. खिचडी निवेपर्यंत पोरं माझ्यासमोर बसतात. मी त्यांच्याकडून काही म्हणवून घेत नाही. त्याने काही फरक पडत नाही, हेडमास्तर घेतात.

पोरगी आता अकरा वर्षांची आहे आणि उसाच्या फडावर भाकरी भाजते. तिची आई तिथेच ऊस तोडते. माझी सून त्याच शाळेत चौथीला शिकवते, आणि मी मागच्या शेडमध्ये खिचडी शिजवते.